रंभा चुरी हरतालिकेला पाणी पितात

आगाशीत रंभा चुरींचं नाव काढलं की एखादी म्हातारी हमखास विचारते, "कोण, ती नव्वद घडवाली?" रंभाकाकू जवळपास असल्या तर कुंपणापलीकडून उत्तर येतं, "ब्याण्णव! मोजायचे तर नीट मोजा."

गोष्ट खरी आहे. रंभाकाकू सत्तावीस वर्षांच्या असताना एका टळटळीत दुपारी त्यांनी कोयता घेतला आणि वाडीतले केळीचे कोवळे घड एकामागून एक उतरवले. पाच दिवस त्यांना झोप नव्हती. डोकं इतकं लख्ख चाललं होतं की अर्नाळ्याच्या किल्ल्यात राहणाऱ्या झाडून सगळ्यांना जेवायला बोलवायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं. नवरा, पांडुरंग, धावत आला तेव्हा त्या गात होत्या. त्यानंतरचे तीन महिने त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. गावाने दोन्ही पाहिलं, लक्षात मात्र घडच ठेवले.

भगत झाला, उतारा झाला. शेवटी वसईच्या एका दवाखान्यात परिचारिका असलेल्या रिटाबायने पांडुरंगला रस्त्यातच अडवलं.

"पांडू, हातात काय आहे?"

"लिंबं. बाबाने सात सांगितलीत."

"सरबत कर त्यांचं. आणि उद्या रंभेला घेऊन ये, मी डॉक्टरांची वेळ घेते."

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. मराठीत द्विध्रुवी म्हणतात, हेही सांगितलं.

"दोन ध्रुव?" रंभाकाकू म्हणाल्या. "मी अजून बोरिवलीच्या पुढे गेले नाही."

लिथियमच्या गोळ्या तेव्हापासून चालू आहेत. सून म्हणून, आई म्हणून, सोनचाफा आणि केळीची वाडी राखणारी बाई म्हणून जे जे करायचं, ते सगळं त्यांनी केलं. आता वय चौपन्न. दंड अजून असे की केळीचा घड खांद्यावर टाकून चालत येतात आणि वाटेत कोणी "जपून हो" म्हटलं की त्याच्याच खांद्यावर देतात.

रिटाबाय निवृत्त झाल्यावर दोघींनी मिळून मंगळवार मंडळ काढलं. हा आजार असलेली माणसं दर मंगळवारी शाळा सुटल्यावर एका वर्गात जमतात. फळ्यावर दोनच नियम लिहिलेले असतात. एक, चपला आणि नातेवाईक बाहेर. दोन, इथलं इथेच.

त्या वर्गात नालासोपाऱ्याच्या एका इमारतीचा वॉचमन यायचा, खेम. मूळचा पोखऱ्याकडचा, नेपाळचा. दसऱ्याला गावी जायचा, तिथे गोळ्या संपायच्या आणि दोन महिन्यांनी भाऊ त्याला हाताला धरून परत आणून सोडायचा. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा रंभाकाकू भडकल्या.

"माणूस सीमेपलीकडे जातो, मग त्याचा कागद का जात नाही?"

"कोणाकडे जाणार कागद?" रिटाबाय म्हणाली. "तिथे आपलं आहे कोण?"

"तुझ्या एवढ्या सिस्टर जगभर पांगल्यात, त्यातली एकही नेपाळात नाही? काय उपयोग तुमच्या धर्माचा?"

निघाली एक. रिटाबायबरोबर नर्सिंग शिकलेली एक सिस्टर पोखऱ्यात होती. तिने सावित्री पौडेल यांचा पत्ता दिला. सावित्री म्हणजे निवृत्त शाळामास्तरीण, आजार तोच, आणि त्यांचाही एक गट होता. पहिला कागद खेमच्या खिशातून गेला. गोळीचं नाव, किती, कधी, शेवटची रक्ततपासणी, आणि झोप चार तासांवर आली तर कोणाला फोन करायचा. दोन्हीकडे लिपी देवनागरी, त्यामुळे दुभाषा लागला नाही. खेम त्या वर्षी गावी गेला तसाच शहाणा परत आला. आता असे चाळीसएक कागद गेलेत आणि आलेत. महिन्यातून एकदा दोन्ही गट व्हिडिओवर भेटतात. हिंदी जशी येईल तशी. पोखऱ्याचं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं, त्यामुळे आमचे लोक वेळेवर आले तरी उशिराच ठरतात.

एवढं सगळं इतरांसाठी करणाऱ्या रंभाकाकू गेल्या वर्षी स्वतः मरता मरता वाचल्या. आणि त्या पडल्या त्या हरतालिकेच्या उपासाने.

चुरींच्या घरी हरतालिका निर्जळी. पाण्याचा थेंब नाही, म्हणून गोळीही नाही. इतकी वर्षं निभावलं होतं. डॉक्टरांनी प्रत्येक वेळी जेवणाचं विचारलं, न जेवण्याचं कधी विचारलं नाही. गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर केळीची पानं आणि चाफा बाजारात पोचवायचा होता, ऊन कडक होतं. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं. दुसऱ्या दिवशी उपास सोडल्यावर त्यांनी दुखण्याची गोळी घेतली. आणि काल लिथियम चुकलं म्हणून आज दुप्पट घेतलं. मापात माप, त्यांना वाटलं, हिशेब पुरा.

ऋषिपंचमीला पोखऱ्याशी भेट ठरली होती. रंभाकाकू रिटाबायशेजारी पडद्यासमोर बसल्या. जीभ जड होती, सकाळचा मोदक उलटून पडला होता. घरच्यांना वाटलं, जागरण झालंय. जाऊबाईला वाटलं, पुन्हा घड उतरवायची वेळ आली.

सावित्रीताई बोलता बोलता थांबल्या. "दिदी, कप नीचे रखो."

"क्यूं?"

"रखो. अब दोनों हाथ सामने करो."

हात थरथरत नव्हते, हात उडत होते. चहा साडीवर सांडलेला रंभाकाकूंना कळलाच नव्हता.

"तीज में पानी नहीं पिया ना?" सावित्रीताईंचा आवाज एकदम शाळेतला झाला. "रिटाजी, अभी अस्पताल. शाम को नहीं, अभी. लिथियम का ब्लड टेस्ट बोलो. हमारी एक लड़की ऐसे ही डायलिसिस पे गई थी."

हरतालिका आणि तीज एकाच दिवशी येतात, उपासही तोच. शरीरात पाणी कमी झालं की लिथियम बाहेर पडत नाही, साचतं, आणि औषधाचं विष होतं. हे पोखऱ्याच्या बायका एका मुलीला झालेल्या त्रासातून शिकल्या होत्या. आमच्याकडे कोणाला माहीत नव्हतं. रंभाकाकू चार दिवस सलाइनवर होत्या. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "माझी गौर कोणी बसवली?"

दुसरं वाक्य जरा वेळाने आलं. "रिटा, एक कागद काढायचा."

तो कागद दोन्ही गटांनी मिळून केला. डावीकडे मराठी, उजवीकडे नेपाळी. हरतालिका-तीजेला लिथियम घेणाऱ्यांनी पाणी रोजच्यासारखं प्यायचं, तासातासाला ग्लास. अळणी राहायचं नाही. गोळी वेळेवर. चुकली तर दुप्पट नाही. दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. हात उडाले, पाय लटपटले, उलट्या झाल्या तर सरळ दवाखाना. दोन्हीकडच्या डॉक्टरांनी वाचून सह्या केल्या. छापून द्यायचं मुंबईच्या एका मोठ्या संस्थेने कबूल केलं होतं. त्यांचा कुशल नावाचा तरुण अधिकारी वाडीत येऊन बसला. चाफ्याचं कौतुक झालं, वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी खाऊन झाली, मग तो मुद्द्यावर आला.

"काकू, काम फार सुंदर झालंय. फक्त दोन शब्द काढू. हरतालिका आणि तीज. नुसतं 'उपवास' ठेवू."

"का?"

"विषय नाजूक आहे."

"नाजूक माझी किडनी आहे."

"तसं नाही, लोकांच्या भावना दुखावतील..."

"दुखावू दे. दुखण्यावर गोळी मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका म्हणावं, तेही कागदात आहे."

कुशल हसला, पण मागे हटेना. "आमचं नाव आहे हो त्यावर."

"मग नाव काढा, हरतालिका ठेवा. अरे, नुसतं उपवास लिहिलं तर बायांना वाटेल, एकादशीचं सांगतायत. एकादशीला आम्ही साबुदाणा खाऊन ढेकर देतो. मरायला टेकतो ते हरतालिकेला!"

संस्थेचं नाव कागदावरून गेलं, छपाईही गेली. कागद आगाशीच्या बाजारात झेरॉक्स झाला, जरा तिरका आला. पोखऱ्याला तसाच तिरका गेला.

आता यंदाचं.

रंभाकाकूंची धाकटी जाऊ यमुना शेजारच्याच घरात राहते. तिच्या मुलाचं, विपुलचं, लग्न झालं. सून विनिता, नायगावच्या टॉवरमधली, नोकरी करणारी, चोवीस वर्षांची. लग्नानंतरची पहिली हरतालिका. यमुना गल्लीभर सांगत होती, "माझी सून निर्जळी करणार. आजकालच्या मुली चहासुद्धा सोडत नाहीत!"

रंभाकाकूंना जे माहीत होतं ते यमुनेला नव्हतं. चैत्रातल्या एका मंगळवारी वर्गाचं दार उघडलं आणि विनिता आत आली. समोर चुलतसासू. विनिता मागच्या पावली वळली. मग रंभाकाकूंनी फळ्यावरच्या दुसऱ्या नियमाकडे बोट दाखवलं आणि बाक सरकवून जागा दिली. विनिता चार वर्षं लिथियम घेत होती. विपुलला माहीत होतं, सासूला नाही.

हरतालिकेच्या तीन दिवस आधी दोघी वाडीत केळीची पानं कापत होत्या.

"कागद वाचलास ना गो?"

"वाचला." विनिता पान पुसत राहिली. "काकू, एकच दिवस आहे."

"मलाही एकच दिवस होता."

"बाथरूममध्ये जाऊन पिईन मी. गुपचूप."

"यमुना तुला पाटावरून उठू देणार नाही. आणि समज उठलीस. चोरून प्यायलेलं पाणी पुढल्या वर्षी पुन्हा चोरावं लागतं. किती वर्षं चोरशील? पन्नास?"

"मग काय करू? सांगू? 'आई, मी वेडी आहे'?"

रंभाकाकूंनी कोयता खाली ठेवला. "वेडी म्हणशील तर या पानात गुंडाळून नायगावला पाठवीन. आजार आहे म्हण."

"तुम्हाला नव्वद घडवाली म्हणतात. मला काय म्हणतील?"

रंभाकाकूंनी कोयता पुन्हा उचलला. एक पान कापून तिच्या हातात दिलं. मग त्या म्हणाल्या, "मी सांगणार नाही कोणाला. पण माझ्याकडे बघत राहा त्या दिवशी. तेवढं कर."

घरी येऊन त्यांनी पांडुरंगना सांगितलं, "यंदा मी सगळ्यांसमोर पाणी पिणार. उपास तुमच्या आयुष्यासाठी असतो, म्हणून विचारते."

पांडुरंग चष्मा पुसत होते. "तीस वर्षं माझ्यासाठी तहानलेली राहिलीस. मला डायबिटीस व्हायचा तो झालाच."

"म्हणजे पिऊ?"

"पी की. माझ्यासाठीही भर एक."

हरतालिकेच्या सकाळी चुरींच्या पडवीत पंधरा-सोळा बायका जमल्या. गल्लीची पूजा याच घरी होते, अर्नाळ्याच्या वाळूची शिवपिंडी रंभाकाकूच करतात आणि कहाणीही त्याच सांगतात. तो मान सासूबाईंकडून आलेला. विनिता पाटावर, हिरवी साडी, ओठ आत्ताच कोरडे. शेजारी यमुना, राखणीला बसल्यासारखी.

रंभाकाकूंनी पिंडीवर बेल वाहिला. मग कोनाड्यात फोन उभा केला, तांब्यातलं मीठ-साखरेचं पाणी पेल्यात ओतलं आणि सगळ्यांकडे तोंड करून घटाघट प्यायल्या. आवाज येईल असं.



"वैनी!" यमुना अर्धी उठली. "शुद्धीत आहात ना?"

"शुद्धीत राहायलाच पितेय."

"अहो, पाणी पिणारी पुढल्या जन्मी जळू होते!"

"होईन की. जळू बिघडलेलं रक्त शोषून काढते, वैद्य जपून ठेवतात तिला. नुसतं बसून दुसऱ्याचं रक्त पिणाऱ्यांपेक्षा बरी."

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि पदर तोंडावर घेतला.

"पोथी तुम्ही सांगता, मान तुमचा, आणि तुम्हीच..." यमुनेचा आवाज फुटला. "सासूबाई असत्या तर?"

"सासूबाई असत्या तर गेल्या वर्षी माझा दहावा त्यांनीच घातला असता. यमुने, कहाणी दरवर्षी ऐकतेस ना? पार्वतीच्या बापाने तिचं लग्न ठरवलं. ती हो म्हणाली?"

यमुनेने ताटातलं फूल सरळ केलं.

"नाही म्हणाली. मग सखीने काय केलं? तिला उचलली आणि रानात नेली. अशा बाईचं व्रत आहे हे. सुनेला काय सांगतेस, मान खाली घाल म्हणून?"

तेवढ्यात कोनाड्यातला फोन बोलायला लागला. पडद्यावर लालच लाल. पोखऱ्याच्या दहा-बारा बायका, तीजेच्या लाल साड्या, गळ्यात हिरव्या मण्यांच्या माळा, प्रत्येकीच्या हातात ग्लास.

"दिदी! सुन रहे हैं? हम तो नाच के आए!"

"ह्या कोण आणखी?" यमुना म्हणाली.

"पोखऱ्याच्या. आजच त्यांची तीज. उपास तोच, महादेव तोच."

"आणि पाणी पितात?"

"आमच्यासारखी गोळी असलेल्या पितात. बाकीच्या त्यांना सोबत म्हणून ग्लास नुसता हातात धरून उभ्या राहतात." रंभाकाकूंनी फोन यमुनेसमोर धरला. मागे खिडकीत पांढरा डोंगर दिसत होता. "तो बघ. पार्वती कोणाची मुलगी?"

"हिमालयाची," यमुनेच्या तोंडून निघून गेलं.

"म्हणजे ही तिच्या माहेरची माणसं. तिच्या माहेरच्या बाया पाणी पितात, तिला चालतं. आपण सासरचे कोण अडवणारे?"

मागच्या रांगेतून जाडजूड सुभद्रामावशी पुढे सरकल्या. "रंभे, माझी साखरेची गोळी आहे गो. सकाळपासून चक्कर येतेय. ओत मला पण." त्यांनी पेला संपवला आणि ओठ पुसत म्हणाल्या, "जळू तर जळू."

यमुना उठली. आपलं पूजेचं ताट उचललं. डोळ्यांत पाणी होतं, पण मान ताठ. "पुढल्या वर्षी हरतालिका माझ्याकडे. ज्यांना देव हवा त्यांनी तिकडे यायचं."

"ने," रंभाकाकू म्हणाल्या. तीस वर्षांचा मान त्यांनी एका अक्षरात देऊन टाकला. ते सोपं नव्हतं. मी, मंडळातलीच एक, जवळ बसले होते; पेला धरलेली बोटं पांढरी पडलेली मला दिसली. "ने यमुने. वाळू चाळून घे, शिंपले असतात."

सहा-सात बायका यमुनेमागे उठल्या. दारात पोचून यमुना वळली. "विनिता, चल."

विनिता उठली. एक पाऊल टाकलं. मग ती कोनाड्याकडे वळली आणि तिने हात पुढे केला.

"काकू, मला."

"विनिता!"

"आई, मला औषध चालू आहे." आवाज बारीक होता, पण पडवीभर ऐकू गेला. "चार वर्षं. कशाचं ते घरी सांगते, इथे नाही. पाणी मात्र इथेच पिते."

पेला तिने दोन्ही हातांनी धरला. पडद्यावरच्या लाल साड्यांनी आपापले ग्लास वर केले. सावित्रीताई म्हणाल्या, "बहिनी, धीरे. एक घूँट, फिर साँस." विनिता प्यायली, पेला पालथा घातला आणि सासूच्या मागोमाग चालू लागली. पळून नाही, तिच्याच घरी.

रंभाकाकूंनी उरलेल्या बायकांना कहाणी सांगितली. सखीने पार्वतीला उचलून नेलं तिथे त्यांचा आवाज चढला, तेव्हा पांडुरंगनी आतून विचारलं, "सगळं ठीक?" "ठीक!" त्या ओरडल्या. "कहाणीतच आवाज चढतो इथे!"

दुपारी शेजारच्या घरातून भांडणाचा आवाज आला नाही. भांडणापेक्षा त्या शांततेचीच भीती वाटत होती. रिटाबाय येऊन बसली, जपमाळ पर्समध्येच, बाहेर काढली नाही. विपुल दोनदा कुंपणापाशी आला आणि परत गेला. रंभाकाकू तासातासाला आपलं पाणी पीत होत्या आणि पोखऱ्याला कळवत होत्या. त्यांच्याही ग्लासांचा आकडा पंधरा मिनिटं आधी येत होता.

चारच्या सुमाराला मंडळाच्या ग्रुपवर विनिताचा निरोप आला.

"सहावा ग्लास. गोळी दाखवली, कागद दिला. आई समोरच बसल्यात. बोलत नाहीत. मी पिते तेव्हा बघतात."

रिटाबायने वाचून दाखवलं आणि विचारलं, "जाऊ या का आपण? समजावायला?"

रंभाकाकूंनी तांब्या पुढे ओढला.

"नको. तिचं ती पितेय. बघू दे यमुनेला."